गल्लीला दर लावणाऱ्या वहिनी

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आल्या, पण त्या नेमकं काय काम करतात हे आईला कितीतरी दिवस कुणाला धड सांगता येत नव्हतं. शेजारणींनी विचारलं की आई म्हणायची, "ती अभ्यास करते." त्यावर शेजारीण हमखास विचारायची, "अजून?" मग आई घाईघाईने हवापाण्यावर यायची.

खरं तर काम सांगायला सोपं होतं. वहिनी एका छोट्या संस्थेत होत्या. ही संस्था शहराचा अभ्यास करायची: घरं, भाडी, बसचे मार्ग, दुकानांचे परवाने. अभ्यास झाला की कुठले नियम काढून टाकावेत हे पालिकेने न विचारताच पालिकेला सांगायची. लोकांना आपापसांत मोकळेपणाने देवघेव करू दिली तर शहराचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात आणि उरलेल्या निम्म्यांसाठी पालिका आहेच, असं त्यांचं थोडक्यात तत्त्वज्ञान. एका बाजूचे लोक त्यांना व्यापाऱ्यांचे वकील म्हणायचे. व्यापारी म्हणायचे, हे आमच्याच मुळावर उठलेत, कारण जुन्या दुकानांना परवान्यांचं जे कवच होतं तेच ही मंडळी काढायला निघाली होती. थोडक्यात, दोन्हीकडून शिव्या खाण्यात संस्था पटाईत होती.

ऑफिस होतं दुसऱ्या मजल्यावर, डोळ्यांच्या दवाखान्याच्या वर. डोळ्यांत औषध घातलेले पेशंट मजला चुकून तिथे यायचे आणि बाकावर शांत बसून राहायचे. सौजन्य म्हणून त्यांना संस्थेचा एखादा अहवाल वाचायला दिला जायचा. संस्थेचे संचालक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, ते सांगायचे की इतका वेळ आमचा अहवाल हातात धरून बसणारे वाचक दुसरीकडे मिळायचे नाहीत.

वहिनी त्याआधी एका बस कंपनीत वेळापत्रकं बनवायच्या. मुलाखतीत सरांनी त्यांना विचारलं, तुमचा बाजारावर विश्वास आहे का? वहिनी म्हणाल्या, जिथे रोज भाजी घेते त्या बाजारावर आहे, बाकीचा अजून पाहिलेला नाही. नोकरी तिथेच पक्की झाली.

आता आमच्या घराबद्दल सांगतो. आई, बाबा, दादा, वहिनी आणि मी धाकटा दीर. माझा गाडी शिकवण्याचा क्लास. दोन गाड्या, दोन्हींच्या टपावर पाट्या, आणि दोन्ही उभ्या असायच्या आमच्या गल्लीत, इमारतीच्या दारासमोर. त्यांच्या पुढे झाडाखाली बाबांची गाडी. बाबा एका छापखान्यातून निवृत्त झाले होते. गाडी त्यांनी भर उमेदीत घेतलेली, सायीच्या रंगाची. ती आता कुठे जात नसे. रविवारी सकाळी बाबा खाली उतरून तिचं इंजिन सुरू करायचे, जरा वेळ कान देऊन ऐकायचे, समाधानाने बंद करायचे, काच पुसायचे आणि वर यायचे. आई म्हणायची, माझी तब्येत इतक्या नेमाने कधी विचारली नाहीत.

गल्ली तशी चांगली, पण गाड्यांनी गच्च भरलेली. संध्याकाळी दादा ऑफिसातून यायचा आणि जागेच्या शोधात घिरट्या घालत बसायचा. तो गल्लीत शिरल्याचं आम्हाला खिडकीतून दिसायचं, आणि त्यानंतर तो दारात उगवेपर्यंत चहा निवलेला असायचा. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक हाडांच्या डॉक्टरीण होत्या. त्यांचे कुबड्या घेतलेले पेशंट कोपऱ्यावर उतरून लंगडत यायचे, कारण दारापर्यंत रिक्षासुद्धा येत नसे.

हे सगळं वहिनी गॅलरीतून बघायच्या. आम्ही पण बघायचो, पण आम्ही वैतागायचो आणि आत यायचो. वहिनींना मात्र प्रश्न पडायचे. एकदा त्यांनी सुट्टी काढली आणि सकाळपासून गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. आईला वाटलं बरं नाहीये, तिने दोनदा कपाळाला हात लावून बघितला. संध्याकाळी वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, आपल्या गल्लीत आपल्या गाड्या कमीच आहेत. मोठ्या रस्त्यावरचे दुकानदार सकाळी आणून लावतात ते रात्रीच नेतात. आणि जुन्या गाड्या विकणाऱ्या त्या माणसाने आपल्या रस्त्याचं गोदाम केलंय. कापडं घालून झाकलेल्या त्या सगळ्या त्याच्या."

मी म्हणालो, त्याला जाऊन दम देऊ या. वहिनी म्हणाल्या, दम कशाला, फुकट मिळतंय म्हणून ठेवतोय, उद्या मला कुणी फुकट जागा दिली तर मीही माझं कपाट आणून ठेवीन.

त्यातून त्यांचा अहवाल तयार झाला. म्हणणं असं होतं: रस्त्यावर गाडी लावायला दर ठेवा. जिथे गर्दी तिथे जास्त, जिथे मोकळं तिथे कमी किंवा काहीच नाही. आणि जो पैसा गोळा होईल त्यातला मोठा वाटा त्याच गल्लीला परत द्या. दिवे हवेत की फरसबंदी हवी, हे गल्लीने ठरवावं. सरांना अहवाल फार आवडला. छापला गेला, खालच्या पेशंटांनी मन लावून हातात धरला. घरी मात्र कुणी उघडूनही पाहिला नाही. मी पाहिला तो मुखपृष्ठापुरता. त्यावर रिकाम्या रस्त्याचा फोटो होता आणि मला वाटलं हे कुठलं तरी परदेश असावं.

पुढे वर्षभराने पालिकेत नवे आयुक्त आले. तरुण, उत्साही, आल्या आल्या काहीतरी करून दाखवायची घाई. त्यांच्या हाती तो अहवाल पडला. प्रयोग म्हणून त्यांनी शहरातल्या काही गल्ल्या निवडल्या. आणि त्यात पहिली निवडली ती आमची, कारण अहवालातली सगळी निरीक्षणं तिथलीच होती. वहिनींना ही बातमी आमच्याबरोबरच कळली, म्हणजे गल्लीतल्या झाडांना नोटिसा चिकटल्या तेव्हा.

गल्ली अशी पेटली की विचारू नका. एरवी जिन्यात एकमेकांना ओळख न देणारी माणसं रस्त्यावर गट करून उभी राहायला लागली. इमारतीच्या गच्चीवर सभा ठरली. सभेला जाण्याआधी दादाने वहिनींना बाजूला घेतलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याचं म्हणणं. लेखक कोण हे कुणालाच माहीत नाही, कशाला सांगायचं? वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि चपला घातल्या.

सभेत आमच्या इमारतीचे सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. ज्याने कुणी हे पालिकेच्या डोक्यात भरवलं त्याने आयुष्यात कधी गाडी लावून बघितलेली नाही, असला उंटावरचा शहाणा एकदा समोर यावा, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर वहिनी उठल्या.

"ते मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आणि सेक्रेटरीसाहेबांचं खरं आहे. मला गाडी लावता येत नाही. भाऊजींनी शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

मग वहिनींनी त्यांचं म्हणणं मांडलं. पण तोवर ऐकण्याच्या मनःस्थितीत कुणी उरलं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. बाबा पहिल्या रांगेत बसले होते. ते उठले आणि जिना उतरून गेले.

त्या दिवसापासून बाबांनी वहिनींशी बोलणं टाकलं. म्हणजे भांडण नाही, आदळआपट नाही. नुसतं जे काही सांगायचं ते आईमार्फत. वहिनी शेजारच्याच खुर्चीत बसलेल्या असताना बाबा आईला म्हणायचे, तिला सांग मीठ इकडे कर. वहिनी मीठ सरकवायच्या. बाबा आईला म्हणायचे, तिला सांग पुरे. आई काही दिवसांत इतकी कंटाळली की तिने सांगून टाकलं, मी काही टपाल खातं नाही, तुमचं तुम्ही बघा. बाबा मग अळणी जेवायला लागले.

वहिनी वरवर हसून न्यायच्या, पण त्यांना लागलं होतं. एकदा भांडी आवरताना मला म्हणाल्या, "बाबांचा राग मला कळतो, भाऊजी. अहवालात मी लिहिलं की न वापरलेली गाडी म्हणजे अडवलेली जागा. ती गाडी बाबांची आहे हे मला लिहिताना ठाऊक होतं. तरी मी लिहिलं. खोडायला हवं होतं असं अजूनही वाटत नाही, पण आधी त्यांना सांगायला हवं होतं."

आणि मग प्रयोग सुरू झाला. रस्त्यावर पांढरे पट्टे आखले गेले, कोपऱ्यावर एक ठेकेदाराचा माणूस पावत्यांचं यंत्र घेऊन उभा राहिला. पहिल्याच आठवड्यात दुकानदारांच्या गाड्या गेल्या, झाकलेल्या गाड्यांचं गोदाम एका सकाळी गुपचूप हललं. दादाला दारातच जागा मिळाली. त्या दिवशी तो इतका लवकर वर आला की आईने विचारलं, आज ऑफिस नव्हतं का? मी माझ्या दोन्ही गाड्या मागच्या पेट्रोल पंपाच्या आवारात भाड्याने हलवल्या आणि क्लासची फी थोडी वाढवली. शिकणाऱ्यांनी कुरकुर केली, पण आले.

तरीही वहिनी अस्वस्थ होत्या. कारण पालिकेने अहवाल अर्धाच उचलला होता. दर सगळीकडे एकच, गर्दी असो वा नसो. आणि गल्लीला परत द्यायच्या पैशाचं कुणी नावच काढेना. तो पालिकेच्या मोठ्या पोटात जात होता. आमच्या फुटलेल्या फरशा फुटलेल्याच होत्या.

वहिनींनी सरांना सांगितलं की आपण हे जाहीरपणे बोललं पाहिजे. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचंही म्हणणं अगदीच चूक नव्हतं. इतकी वर्षं आपण ओरडतोय, पहिल्यांदा कुणी अर्धं तरी ऐकलं, आता आपणच नाक मुरडलं तर आयुक्त सगळाच प्रयोग गुंडाळतील. आधी हे रुजू दे, उरलेलं पुढे मागू. शिवाय संस्थेला देणगी देणारे एक मोठे गृहस्थ आयुक्तांचे स्नेही होते. ते सरांनी सांगितलं नाही, पण वहिनींना माहीत होतं.

पालिकेत जाहीर सुनावणी होती. ज्याला बोलायचंय त्याने यावं अशी. आमच्या गल्लीतून बरेच जण गेले, विरोध करायला. बाबाही गेले. मी त्यांना घेऊन गेलो. उंच छताचं मोठं सभागृह, भिंतीला टेकवून ठेवलेल्या जादा खुर्च्या, आणि माईक असा की बोलणाऱ्याला वाकावं लागे. वहिनी संस्थेतर्फे पुढे बसल्या होत्या, त्यांच्या मागे सर. सगळ्यांना वाटलं त्या प्रयोगाचं कौतुक करणार. आयुक्तांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी हसून त्यांना आधी बोलायला सांगितलं.

वहिनी म्हणाल्या, रस्त्याला किंमत असावी असं मी लिहिलं आणि त्यावर मी ठाम आहे. गल्ली मोकळी झालेली मी रोज बघते. पण किंमत घेतली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं. भाजीवाला पैसे घेतो आणि भाजी देतो. मग त्या जरा थांबल्या, माईककडे वाकल्या आणि म्हणाल्या, "पैसे घ्यायचे आणि काही द्यायचं नाही, याला बाजार म्हणत नाहीत. याला वसुली म्हणतात. माझ्या अहवालावर वसुली चालली असेल तर कृपा करून माझा अहवाल परत करा."

सभागृहात क्षणभर कुणाला कळेना की टाळ्या कुणी वाजवायच्या. विरोध करायला आलेल्यांनी आधी वाजवल्या. मी बाबांकडे पाहिलं. ते टाळ्या वाजवत नव्हते. पण पुढे झुकून, हनुवटीखाली हात घेऊन बसले होते, रविवारी इंजिन ऐकायला बसतात तसे.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'बाजार की वसुली?' असा मथळा आला. सर वहिनींशी कामापुरतंच बोलायला लागले. घरात सासरे, ऑफिसात सर. वहिनी म्हणायच्या, दोन्हीकडे माझं छान मौनव्रत चाललंय, फक्त ते मी घेतलेलं नाही. त्या देणगीदार गृहस्थांनी हात आखडता घेतला आणि घरभाड्यांवरचा वहिनींचा पुढचा अभ्यास पैशाअभावी मागे पडला. तो त्यांच्या मनातला विषय होता. त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

पण पालिकेची पंचाईत झाली होती. एरवी विरोधकांना उत्तर देता येतं. ज्याच्या कागदावर सगळं उभं केलं त्यानेच हात वर केल्यावर काय करणार? काही महिन्यांनी आदेश निघाला: उत्पन्नातला ठरावीक वाटा गल्लीला, आणि तो कसा खर्च करायचा हे गल्लीच्या समितीने ठरवायचं. सरांनी तो आदेश ऑफिसात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. वाचून झाल्यावर वहिनींना म्हणाले, मी तुम्हाला गप्प बसायला सांगितलं होतं. तेवढंच. वहिनींनी ते माफीच्या खात्यात जमा केलं.

गल्लीत समिती निवडायची ठरली आणि बाबा उभे राहिले. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. निवडूनही आले. आलेल्या पैशातून गल्लीत बाक बसवायचे, असं समितीने पहिल्याच बैठकीत ठरवलं. मग एका रविवारी ते खाली जाऊन गाडी सुरू न करताच वर आले आणि म्हणाले, गाडी घेणारा माणूस बघा. जुन्या गाड्या चित्रीकरणासाठी भाड्याने देणारा एक जण येऊन गाडी घेऊन गेला. वहिनी त्या दिवशी मुद्दाम घरीच थांबल्या होत्या. गाडी वळणाआड गेल्यावर बाबा झाडाखाली जरा वेळ उभे राहिले. वहिनी खाली गेल्या आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या.  वर येताना बाबांनी जिन्यात थांबून त्यांना विचारलं, "काय गं, बाकांना हात असावेत की नसावेत?"

इतक्या दिवसांनंतरचे हे त्यांचे पहिले शब्द. वहिनी म्हणाल्या, नसावेत. बाबा म्हणाले, असावेत, म्हाताऱ्या माणसाला उठताना आधार लागतो. तिथून जो वाद सुरू झाला तो जेवणापर्यंत चालला. मीठ थेट मागितलं गेलं. आई मला हळूच म्हणाली, चला, सुटले एकदाचे.

सगळंच गोड झालं असं मात्र नाही. आमच्या समोरच्या इमारतीत एक व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई राहायच्या. त्यांच्याकडे लांबून मुलं यायची, पालक गाडी लावून तासभर खाली थांबायचे. दर लागल्यावर एकेक पालक गळायला लागला. शेवटी बाईंनी शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वस्त जागा बघितली आणि निघून गेल्या. वहिनी त्यांना नव्या घरी भेटून आल्या. बाईंनी चहा दिला, दोष दिला नाही, पण हेही सांगितलं की तुमच्या अहवालात माझ्यासारखं कुणी नव्हतं. प्रयोगावरचा दुसरा अहवाल वहिनींनी लिहिला तेव्हा त्यात एक अख्खं प्रकरण अशा माणसांवर घातलं. सर म्हणाले, याने आपला मुद्दा कमकुवत होतो. वहिनी म्हणाल्या, होऊ दे थोडा. प्रकरण राहिलं.

हा दुसरा अहवाल आमच्या घरात सगळ्यांनी वाचला. बाबांनी तर छापखान्याच्या सवयीने मुद्रितशोधनच केलं आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना लाल गोल करून वहिनींच्या उशाशी ठेवून दिला.

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका शहराने वहिनींना बोलवलं. तिथेही असं काही करायचं चाललंय. बाबा म्हणाले, नुसती तज्ज्ञ बोलावून काय होतंय, ज्याच्या गल्लीत झालं तो माणूस नको का? मीही येतो. दोघं सकाळच्या बसने गेले. तिथे वहिनी बोलल्या, आणि मग बाबा उभे राहिले. त्यांनी म्हणे सुरुवातच अशी केली की ही माझी सून, हिच्याशी मी कित्येक महिने बोलत नव्हतो, तेव्हा मी जे सांगतो ते घरचं कौतुक समजू नका. लोक पोट धरून हसले आणि मग शांतपणे ऐकत बसले. प्रश्न वहिनींपेक्षा बाबांनाच जास्त आले.

परत आले तेव्हा आम्ही सगळे गॅलरीत होतो. बसथांब्याकडून दोघं चालत येताना दिसली. हातवारे दोघांचेही चालले होते. दारासमोरच्या बाकाशी बाबा थांबले, त्यावर बसले, हातावर जोर देऊन उठून दाखवलं. वहिनींनी मान हलवली, पिशवी खाली ठेवली आणि त्याच बाकावर आडव्या होऊन दाखवलं, हात मध्ये आल्याने पाय कसे दुमडावे लागतात ते.

"अगं, रस्ता आहे तो," आईने वरून हाक मारली. "वर या आधी. काय भांडायचं ते घरात भांडा."